ढील

लालबागच्या पुलावर वायपर थांबला,
अर्ध्या काचेवर, तिरका,
हात वर करून प्रश्न विसरलेल्या मुलासारखा.

मी म्हटलं, मे महिन्यातच सांगितलं होतं.
तू म्हणालास, रबराचं सांगितलं होतंस,
ही मोटर गेलीय.
रबर एकशे ऐंशीचं, मोटर अठराशेची,
एवढा हिशोब झाला
आणि आपण गप्प बसलो.

दहा चाळीस. अकरा पाचला सुरतेची गाडी.
ऋजुता दोन बॅगा घेऊन उतरणार,
आणि अलकापुरीच्या गरनाळ्यात कमरेएवढं पाणी.
म्हणजे कीर्तिस्तंभ, जेल रोड, काळा घोडा,
म्हणजे विश्वामित्रीवरून,
जिचं पाणी चढलं की मगरी
लोकांच्या अंगणात येऊन पडतात.

समोर काहीच नव्हतं.
दिवे होते, पण विरघळलेले,
कुठला लाल ब्रेकचा, कुठला सिग्नलचा.
मी अंदाजाने चालवत होते,
घरखर्च चालवते तशी.

कीर्तिस्तंभापाशी गाडी कडेला घेतली.
गल्ला बंद करणारा पानवाला
ताडपत्रीखालून ओरडला,
'बेन, काच उपर तमाकु घसो!'
मी हसले. आमच्याकडे कुठली आलीय तंबाखू.
तू खिशात हात घातलास.

पुडी.
चुना वेगळा, डबीत. डबीही नवी.
दोन वर्षं झाली होती सोडून,
आईंनी पेढे वाटले होते गल्लीभर.
माझ्याकडे न बघता तू उतरलास
आणि भर पावसात काचेवर चोळू लागलास,
गोल गोल, तळहाताने, मन लावून,
खोकणाऱ्या पोराच्या छातीला बाम चोळावा तसा.

आणि खरंच,
थेंब थेंब राहिले नाहीत,
एक सपाट पदर होऊन खाली घसरू लागले.
मला दिसलं: दुभाजक, भिजलेलं कुत्रं,
तुझा चेहरा.
पुरतं दीड मिनिट.

मग डिकीतून उत्तरायणाची फिरकी निघाली.
मांजा नव्हे, सद्दी, बिनकाचेची.
बोनेट उघडून तू मोटरचा सांधा सोडवलास,
वायपरला गाठ मारलीस,
एक टोक तुझ्या खिडकीतून आत, एक माझ्या.
उजव्या हातात दोरी, डाव्यात स्टिअरिंग,
गिअर दुसरा, बदलायचा नाही.

'खेच.'
'ढील दे.'
'अगं ढील, ढील!'
जानेवारीत गच्चीवर फिरकी धरायला
मला उभं करतोस, तेव्हाही हेच ओरडतोस.
एकदा दोघांनी एकदम खेचलं,
वायपर मध्येच थरथरत राहिला,
दोरी बोटात रुतली.
पाऊस बाहीतून शिरून काखेपर्यंत आला.
जेल रोडला लागेपर्यंत
बोलायची गरज उरली नव्हती,
खेच, सोड, खेच,
तेवढ्यापुरता रस्ता, तेवढ्यापुरता नाही.

पुलावर नदी दिसली नाही,
फक्त वास आला,
त्यात थोडी तंबाखूही होती.

ऋजुता मागे बसली, म्हणाली,
हे काय चाललंय तुमचं?
आम्ही दोघंही सांगू लागलो
आणि तिघांच्या श्वासांनी काच आतून धुरकटली.
तिने ओढणीचं टोक काढलं,
आमच्या मधून हात पुढे घालून
बशीएवढं भोक पुसलं,
ते मिटलं की पुन्हा पुसलं,
लालबाग येईपर्यंत पुसत राहिली,
वसतिगृहातल्या मेसची तक्रार सांगत.

सकाळी इकबालभाईंनी मोटर बसवली.
दोरी कापू का, विचारलं. मी म्हटलं, कापा.
काचेवर तपकिरी ओघळ वाळले होते,
डाव्या कोपऱ्यात चार बोटं उमटलेली.
ती त्यांनी पुसली नाहीत,
मीही नाही सांगितलं.

पुडीबद्दल मी तुला अजून विचारलेलं नाही.
काच नीट कोरडी झाली की विचारीन.
आज चौथा दिवस.
पाऊस आहे.